किडनी नवी, मज्जा तीच: रक्तात वेगळं प्रथिन असेल तर प्रत्यारोपणाआधी आणि नंतर काय तपासून घ्यावं

मी ठाण्यात, नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२ वर्षं टेक्निशियन आहे. माझा थोरला भाऊ घणसोलीला राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये वहिनीची डावी किडनी त्याला बसली. ज्या आजाराने त्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या संपवल्या होत्या, तोच आजार १४ महिन्यांनी वहिनीच्या किडनीत सापडला. पहिल्या वेळी त्याचं नाव कोणी घेतलंच नव्हतं.

हे लिहिते आहे ते डायलिसिसच्या खुर्चीवर बसलेल्यांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि किडनी द्यायला निघालेल्यांसाठी. रिपोर्टवर कुठे 'एम बँड', 'मोनोक्लोनल', 'पॅराप्रोटीन', 'कप्पा-लॅम्बडा रेशो' असं लिहिलेलं दिसलं, तर पुढे काय विचारायचं आणि कुठला नमुना कसा द्यायचा, हे मी सांगू शकते. औषध कुठलं घ्यायचं ते डॉक्टरच ठरवणार. पण तपासणी नीट झाली नाही तर डॉक्टरांच्या हातात चुकीचा कागद जातो, आणि तो भाग माझ्या रोजच्या कामाचा आहे.

आधी प्रकार समजून घ्या. हाडांच्या आतल्या मज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. त्या अँटिबॉडी बनवतात. हजारो वेगवेगळ्या पेशी, हजारो वेगवेगळ्या अँटिबॉडी. कधी कधी एकाच पेशीचं घराणं वाढतं आणि ते सगळं घराणं एकच प्रथिन रक्तात सोडत राहतं. रिपोर्टवरचे 'एम बँड', 'मोनोक्लोनल', 'पॅराप्रोटीन' हे शब्द याच प्रथिनाबद्दल असतात. हे प्रथिन म्हणजे कधी पूर्ण अँटिबॉडी असते, कधी तिचा नुसता छोटा तुकडा, ज्याला लाइट चेन म्हणतात. लाइट चेन दोनच प्रकारच्या, कप्पा आणि लॅम्बडा. रक्त गाळणं हे किडनीचं काम, त्यामुळे हा तुकडा तिच्यातूनच जातो, आणि काही जणांत तिथेच साचतो.

दादाला मी सोसायटीच्या पाण्यावरून सांगितलं होतं. गच्चीवरच्या टाकीत गाळ आहे. स्वयंपाकघरातला फिल्टर त्या गाळाने तुंबला, म्हणून आपण नवा फिल्टर आणून बसवला. टाकी तशीच. मग नवा फिल्टर किती दिवस टिकेल? किडनी बदलते, मज्जा बदलत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

मात्र एम बँड दिसला म्हणजे आभाळ कोसळलं असंही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ओल्मस्टेड काउंटीत मोठी पाहणी झाली होती, तिथे पन्नाशीच्या पुढच्या सुमारे ३ टक्के लोकांच्या रक्तात असं प्रथिन निघालं. त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास नव्हता. मेयो क्लिनिकच्या डॉ. रॉबर्ट काइल यांनी १९७८ मध्ये या अवस्थेला एमजीयूएस (मोनोक्लोनल गॅमोपथी ऑफ अनडिटरमाइंड सिग्निफिकन्स) हे नाव दिलं. तिचा अर्थ अजून ठरलेला नाही, हे त्या नावातच आहे. प्रथिन डेसिलिटरला ३ ग्रॅमपेक्षा कमी, मज्जेत प्लाझ्मा पेशी १० टक्क्यांपेक्षा कमी, आणि कुठल्याही अवयवाला इजा नाही, अशी तिची व्याख्या. त्यातून मायलोमासारखा आजार (मायलोमा म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) होण्याची शक्यता वर्षाला साधारण १ टक्का.

गोम त्या शेवटच्या अटीत आहे, 'अवयवाला इजा नाही'. घराणं लहान, मायलोमा नाही, पण त्याचं प्रथिन किडनीच नासवतंय, अशांसाठी २०१२ मध्ये वेगळं नाव आलं, एमजीआरएस. यातला 'आर' म्हणजे रीनल, किडनीचा. दादा यात बसत होता. २०१८ पासून बसत होता, पण त्याच्या फाइलवर 'डायबेटिक किडनी' असं लिहिलेलं होतं.

तेव्हा झालं असं. दादाला मधुमेह होता, पण जेमतेम चार वर्षांचा. डोळ्यांचा पडदा अगदी स्वच्छ. तरीही लघवीतून प्रथिन जात होतं आणि क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढतं ते) वर चाललं होतं. एका हॉस्पिटलमध्ये किडनीची बायोप्सी झाली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाठी-गाठी दिसल्या आणि मधुमेहाचा शिक्का बसला. लाइट चेन साचतात त्या आजारातही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब तशाच गाठी दिसतात. फरक कळतो तो इम्युनोफ्लुरोसन्सने, म्हणजे चमकणारा रंग लावून कप्पा आणि लॅम्बडा वेगवेगळे पाहिल्यावर. तो भाग त्या वेळी झालाच नव्हता. पुढे प्रत्यारोपणाच्या तपासण्यांत सीरम इलेक्ट्रोफोरेसिस झालं, 'एम बँड आढळला नाही' असं आलं. तो कागद मीही पाहिला आणि फाइलमध्ये लावला. २२ वर्षांत त्या एका कागदाची रुखरुख मला सगळ्यात जास्त आहे. म्हणूनच पुढचा भाग सावकाश वाचा.

तीन तपासण्या, एकत्र

एकटं सीरम इलेक्ट्रोफोरेसिस पुरत नाही. त्यात रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहावर पसरतात आणि एकाच प्रकारचं प्रथिन भरपूर असेल तर काटेरी शिखर उठतं. पण नुसत्या लाइट चेन असतील, किंवा प्रथिन थोडंच असेल, तर शिखर उठत नाही. म्हणून सोबत इम्युनोफिक्सेशन मागा. ते थोडं प्रथिनही पकडतं आणि त्याचा प्रकारही सांगतं. आणि तिसरी सीरम फ्री लाइट चेन, म्हणजे रक्तात सुट्या फिरणाऱ्या कप्पा-लॅम्बडा मोजणं. दादाचा आजार या तिसरीने पकडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचं कप्पा ४१२ मिलीग्रॅम प्रति लिटर आलं, लॅम्बडा २१. गुणोत्तर साडेएकोणीसच्या वर. त्याच दिवशीच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये शिखर नव्हतंच.

हे गुणोत्तर वाचताना एक खबरदारी. रिपोर्टवर नॉर्मल म्हणून ०.२६ ते १.६५ छापलेलं असतं. किडनी निकामी असेल तर दोन्ही लाइट चेन रक्तात तुंबतात, कप्पा जरा जास्त, म्हणून अशा रुग्णांसाठी ०.३७ ते ३.१ ही मर्यादा वापरली जाते. डायलिसिसवर असलेल्या माणसाचं गुणोत्तर २.२ आलं आणि लाल अक्षरात छापलं म्हणून रात्रीची झोप घालवू नका. पण दहा, वीस, पन्नास आलं तर दुसऱ्या दिवशीच हिमॅटॉलॉजिस्टची (रक्तविकारांच्या डॉक्टरांची) वेळ घ्या.

नमुना कसा द्यायचा हेही सांगते, कारण इथेच बरेच गोंधळ होतात. इलेक्ट्रोफोरेसिसला सीरम लागतं, म्हणजे पूर्ण गोठलेल्या रक्ताचं वरचं पाणी. लाल किंवा पिवळ्या झाकणाची नळी. डायलिसिस चालू असताना किंवा संपल्यावर लाइनमधून काढलेल्या रक्तात हेपरिन असतं, ते नीट गोठत नाही, फायब्रिनोजन मागे उरतं. आणि ते इलेक्ट्रोफोरेसिसच्या बीटा आणि गॅमा या दोन भागांच्या मध्ये नेमका बारीक पट्टा उमटवतं, एम बँडसारखाच. आमच्याकडे असे दोन रुग्ण आले होते, दोघंही घाबरून. डायलिसिस सुरू होण्याआधी रक्त घेतलं आणि पट्टा गायब. तेव्हा नर्सला सांगा, "सुई टोचल्यावर, हेपरिन देण्याआधी काढा."

फ्री लाइट चेन नेहमी एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा. दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आज इथे स्वस्त, उद्या तिथे घरी येऊन नेतात, असं केलंत तर आकडा आजारामुळे चढला की किटमुळे, ते कोणालाच सांगता येणार नाही.

लघवीची पट्टीही फसवते. लॅबमध्ये आपण जी पट्टी बुडवतो ती मुख्यतः अल्ब्युमिनला रंग देते, लाइट चेनला जवळजवळ नाहीच. पट्टीवर 'प्रथिन एक प्लस' आणि प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर मात्र तीन, असा फरक दिसला तर तो टायपिंगचा घोळ समजून सोडू नका. लघवीचं इम्युनोफिक्सेशन करायला सांगा. २४ तासांची लघवी गोळा करायची असेल तर सकाळची पहिली टाकून द्या, तिथून वेळ लिहा, दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र कॅनमध्ये घ्या. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

दोन गोष्टी चटकन. डॉक्टरांनी क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साका धरणारी प्रथिनं) लिहिलं असेल तर ते रक्त ३७ अंशांवर उबदारच राहायला हवं, घरी येऊन नेणाऱ्या मुलाच्या बर्फाच्या पेटीत ते देऊ नका, लॅबमध्ये जाऊनच द्या. आणि फॉस्फरस अचानक भलताच जास्त आला, जेवणात काही बदल नसताना, तर लॅबला सांगा की रुग्णाच्या रक्तात पॅराप्रोटीन आहे. काही मशीनवर ते प्रथिन साका धरतं आणि आकडा खोटा वाढतो.

जुना ब्लॉक मागून घ्या

बायोप्सी झालेल्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे. किडनीचा तो बारीक तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. हॉस्पिटल तो वर्षानुवर्षं ठेवतं आणि लेखी अर्ज केला, सही केली, की दुसऱ्या मतासाठी रुग्णाला देतं. २०२३ मध्ये नव्या किडनीच्या बायोप्सीत कप्पा चमकलं, त्यानंतर आम्ही २०१८ चा ब्लॉक शोधायला गेलो. मी आणि भाचा, दोन खेपा मारल्या. ब्लॉक मिळाला. किडनी पॅथॉलॉजीवाल्या डॉक्टरांनी मेणातल्या त्याच तुकड्यावर एन्झाइमची प्रक्रिया करून पुन्हा रंग लावले. नळ्यांच्या भोवती सरळ रेघेत कप्पा. लॅम्बडा नाही. पाच वर्षांपूर्वीचं उत्तर त्या नखाएवढ्या मेणात होतं.

दादा तो रिपोर्ट वाचून बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे हे आधी कळलं असतं तर हिची किडनी..." वाक्य पूर्ण केलं नाही त्याने. वहिनी आत पोळ्या करत होती.

तुमची प्रत्यारोपणाची तयारी चालू असेल आणि मूळ आजाराबद्दल थोडीही शंका असेल (मधुमेह नवा आहे, डोळ्याचा पडदा साफ आहे, 'कारण अज्ञात' लिहिलंय, वय पन्नाशीपुढे आहे) तर ब्लॉक बाहेर काढा. बायोप्सी झालीच नसेल आणि किडन्या आता आक्रसल्या असतील तर सुई घालणं जोखमीचं ठरतं. तेव्हा निदान रक्त-लघवीच्या त्या तपासण्या पूर्ण कराच.

नवी बायोप्सी ठरली तर आधीच विचारा: साधा सूक्ष्मदर्शक, इम्युनोफ्लुरोसन्स आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, तिन्हींसाठी तुकडे वेगवेगळ्या द्रावात जाणार आहेत ना? फॉर्मॅलिनमध्ये सगळा तुकडा गेला की बाकीचे दोन रस्ते अवघड होतात. कप्पा आणि लॅम्बडा दोन्हींचे रंग लावणार का, हेही विचारा. विचारायला संकोच वाटला तर चिठ्ठीवर लिहून द्या. डॉक्टर रागावत नाहीत, निदान आमच्यावर कोणी रागावलं नाही.

प्रत्यारोपण करायचं की थांबायचं

इथे तीन वेगवेगळ्या वाटा आहेत आणि त्या एकात एक मिसळू देऊ नका.

निव्वळ एमजीयूएस असेल, किडनी दुसऱ्याच कारणाने गेली आहे हे पक्कं असेल, तर प्रत्यारोपण नाकारायचं कारण नाही. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही तसंच सुचवलेलं आहे. सोबत एवढंही म्हटलंय, की अशा रुग्णाला प्रत्यारोपणानंतरच्या लिम्फोमासारख्या आजाराचा आणि रक्ताच्या इतर कर्करोगांचा धोका जास्त असतो, त्याची आधी चर्चा व्हावी. ती चर्चा मागून घ्या. मज्जेची तपासणी आणि हाडांचं स्कॅनिंग त्याआधी झालेलं असावं.

मायलोमा असेल तर आधी त्याचा पूर्ण उपचार आणि आजार टिकून शांत राहिलेला हवा.

मधली वाट एमजीआरएसची, आणि तीच फसवी. कर्करोग नाही म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं आणि किडनीची घाई होते. पण मज्जेतलं घराणं न आवरता किडनी बसवली तर काय होतं, ते लिहून ठेवलेलं आहे. लाइट चेन साचण्याच्या आजारात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ७ प्रत्यारोपणांची हकिगत छापली, त्यातल्या ५ जणांच्या नव्या किडनीत आजार परतला होता. संख्या लहान आहे, पण आजारच विरळा. म्हणून आज सल्ला असा असतो, की आधी हिमॅटॉलॉजिस्टकडून उपचार, लाइट चेनचे आकडे नीट खाली आलेले, आणि मग किडनी. डायलिसिसवर आणखी सहा महिने किंवा वर्ष काढणं किती जड असतं ते मी आठवड्यातून तीन वेळा दादाच्या चेहऱ्यावर पाहिलंय. तरीही थांबा असंच सांगेन.

आणि देणाऱ्या माणसाला हे सगळं कळलं पाहिजे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं जवळचे नातेवाईक धरले जातात, २०११ च्या दुरुस्तीत आजी-आजोबा आणि नातवंडंही आली. कागदपत्रं, मुलाखत, सह्या सगळं होतं. पण 'आजार परत येऊ शकतो का, किती शक्यता आहे' हा प्रश्न देणाऱ्याने स्वतः नेफ्रोलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारावा, रुग्णाच्या समोर नाही, एकट्याने. वहिनीला तो प्रश्न कोणी विचारू दिला नाही, कारण तो प्रश्न आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. तिला आज विचारलं तर ती म्हणते, "माहीत असतं तरी दिली असती, पण वर्षभराने दिली असती."

हिमॅटॉलॉजीसाठी फार लांब जावं लागतं असं नाही. खारघरला टाटा मेमोरियलचंच अॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. ट्रान्स हार्बरची ठाणे-पनवेल गाडी पकडली तर घणसोलीहून न बदलता खारघर स्टेशन येतं. डॉक्टर कुठलेही असोत, नेफ्रोलॉजिस्ट आणि हिमॅटॉलॉजिस्ट यांनी एकमेकांचे कागद वाचलेले असले पाहिजेत. आम्ही एक दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, टॅक्रोलिमसची (प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) पातळी. उजव्या पानावर कप्पा, लॅम्बडा, गुणोत्तर, हिमोग्लोबिन, कॅल्शियम. दोन्ही डॉक्टरांसमोर तीच वही उघडायची. मोबाइलमधल्या पीडीएफ कोणी मागे जाऊन बघत नाही.

किडनी बसल्यानंतर कशावर नजर ठेवायची

क्रिएटिनिन चढलं की पहिला संशय रिजेक्शनवर, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्यावर, जातो, आणि ते बरोबरही असतं. टॅक्रोलिमस जास्त झालेलं असू शकतं, बीके विषाणू असू शकतो, लघवीची वाट अडलेली असू शकते. पण ज्याच्या रक्तात हे प्रथिन आहे त्याच्या यादीत एक नाव जास्त असतं, मूळ आजार परतणं. दादाचं क्रिएटिनिन १.२ वरून १.९ झालं, रक्तदाब वाढला, लघवीत प्रथिन २.४ गुणोत्तराने दिसायला लागलं. रिजेक्शन समजून स्टेरॉइडचे मोठे डोस सुरू करायची तयारी झाली होती. आमच्या नेफ्रोलॉजिस्टनी एक दिवस थांबून आधी बायोप्सी केली, तीही सगळ्या रंगांसकट. त्या एका दिवसाने दिशा बदलली.

सुरुवातीच्या वर्षात इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये नवाच बारीक बँड दिसला, तर लगेच निष्कर्ष काढू नका. प्रतिकारशक्ती दाबलेली असते, सायटोमेगालोसारखा विषाणू उठतो, तेव्हा असे छोटे बँड येतात आणि जातातही. पुन्हा नमुना घेऊन बघतात. वाढत गेला, किंवा लघवीतून प्रथिन जायला लागलं, तर मात्र शोध घ्यायचाच. मानेत, काखेत, जांघेत गाठ, आठवडाभर न जाणारा ताप, वजन घटणं, यात दिवस घालवू नका. प्रत्यारोपणानंतरचा लिम्फोमा असाच सुरू होतो, त्यात बऱ्याचदा एपस्टाइन-बार विषाणूचा हात असतो, आणि लवकर सापडला तर नुसती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करूनही तो कधी कधी मागे हटतो. हाड दुखणं, हिमोग्लोबिन घसरणं, कॅल्शियम वाढणं ही मायलोमाकडे बोट दाखवणारी लक्षणं.

टॅक्रोलिमसची पातळी चुकीची येण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे सकाळची गोळी घेऊन रक्त द्यायला येणं. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊच्या जरा आधी रक्त द्या, मग गोळी. जांभळ्या झाकणाची नळी. गोळी खिशात घेऊन या, पाणी आमच्याकडे असतं.

दादाला मज्जेतलं ते घराणं आवरायला बोर्टेझोमिबची इंजेक्शनं सुरू झाली, आठवड्याला एक, पोटाच्या कातडीखाली, सोबत डेक्सामेथासोन. किडनीच्या कामानुसार या इंजेक्शनचा डोस बदलावा लागत नाही, हा मोठा फायदा. डेक्सामेथासोनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी साखर साडेतीनशेपर्यंत जायची, इन्सुलिन वाढवावं लागलं. त्याची वेळ आधीच ठरवून घ्या. पायांना मुंग्या आल्या तर मधुमेहाच्या समजून गप्प बसू नका, त्या या इंजेक्शनच्याही असतात आणि वेळेवर सांगितलं तर डोस बदलता येतो. नागीण उठू नये म्हणून असायक्लोविर चालू असतं, ते मधेच बंद करू नका.

लेनालिडोमाइड हे मायलोमाचं चांगलं औषध, पण ते रोगप्रतिकारशक्तीला चेतवतं, आणि बसवलेली किडनी शरीराने नाकारल्याच्या नोंदी आहेत. कोणी नवे डॉक्टर ते लिहू लागले तर पहिलं वाक्य हेच बोला, "मला किडनी बसवलेली आहे." डाराटुमुमॅब (प्लाझ्मा पेशींवरचंच आणखी एक औषध) सुरू असेल तर रक्तपेढीला आधी कळवा. हे औषध तांबड्या पेशींना चिकटतं आणि रक्त जुळवण्याच्या तपासणीत सगळ्याच पिशव्या जुळत नाहीत असं दिसतं. औषध सुरू होण्याआधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून त्याचं कार्ड पाकिटात ठेवा. ते इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये स्वतःचाही बारीक बँड देतं, तेव्हा लॅबच्या फॉर्मवर औषधाचं नाव लिहा. आम्हाला कोणी सांगितलंच नाही तर आम्ही तो रुग्णाचा बँड म्हणून छापू.

घरातलं

या रुग्णांचं संरक्षण दोन बाजूंनी कमी झालेलं असतं. प्रत्यारोपणाच्या गोळ्या एकीकडे, आणि मज्जेतलं ते घराणं बाकीच्या चांगल्या अँटिबॉडी कमी बनू देतं. म्हणून आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटिबॉडींची पातळी अधूनमधून बघतात.

घणसोलीच्या घरी आम्ही पहिलं काम केलं ते खिडक्यांना आणि एसीच्या कोनाड्याला कबुतरांची जाळी लावण्याचं. कबुतरांच्या विष्ठेतून क्रिप्टोकोकस नावाची बुरशी येते आणि अशा माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकते. साफ करायला दादाला जवळ येऊ दिलं नाही, ओलं करून मगच खरवडलं. पावसात पाणी साचलं असेल तर त्यातून चालायचं नाही, लेप्टोची भीती. गाडी बंद पडली तर स्टेशनवरच थांबायचं, मी स्वतः त्याला रबाळे स्टेशनवर तीन तास बसवून ठेवलंय. पाणी उकळून. बाहेरची चटणी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं नाहीत. पपनस आणि ग्रेपफ्रूट नाही, त्याने टॅक्रोलिमस चढतं. गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक नाही. गुळवेलीचा काढा शेजारच्या काकूंनी मायेने आणून दिला होता, तोही मी परत केला. प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून जे जे सांगितलं जातं ते इथे नको आहे. जिवंत विषाणूची लस नाही. हिपॅटायटिस बी आणि न्यूमोकोकसच्या लसी शक्यतो प्रत्यारोपणाआधीच उरकून घ्या. दोन-तीन आठवड्यांचा खोकला असेल तर क्षयाची तपासणी, आणि क्षय निघालाच तर रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी पार खाली पाडतं, तेव्हा नेफ्रोलॉजिस्टला विचारल्याशिवाय पहिली गोळीही नाही.

सध्या दादाचं कप्पा ३८ आहे, लॅम्बडा १९. गुणोत्तर २. क्रिएटिनिन १.७ वर थांबलंय. लाइट चेन खाली आल्या तरी किडनीत साचलेलं लगेच विरघळत नाही, लघवीतलं प्रथिन हळूहळू, महिन्यांच्या हिशेबाने कमी होतंय. दर तीन महिन्यांनी तो पहिल्या गाडीने ठाण्याला येतो. नऊला दहा मिनिटं कमी असताना मी त्याच्या उजव्या हाताची शीर शोधते, डावा हात फिस्टुलाचा (डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेचा), त्याला हात लावत नाही. एक जांभळी नळी, दोन पिवळ्या. मग तो गोळी घेतो, आणि वहिनीने दिलेल्या डब्यातल्या दोन इडल्या माझ्या टेबलाशी बसून खातो.